उसने सद्गुण

बेळगावच्या कुठल्याही मराठी दैनिकातलं निधनवार्तेचं पान उघडा. नाव, गल्ली, वय, ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘वृद्धापकाळाने’, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’, आणि शेवटी रक्षाविसर्जनाचा वार नि वेळ. ही झाली बातमी. वर्षभरानं त्याच माणसाच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात येते, तिच्यात मात्र कविता असते. मध्ये फोटो, दोन बाजूंना समया, खाली चार ओळी आणि जमलं तर वर ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’. यमकं ठरलेली: आठवण–साठवण, छाया–माया, मूर्ती–कीर्ती, हरपले–करपले. शहापूरच्या आजोबांसाठी जुळवलेल्या ओळी निपाणीच्या आजोबांनाही मापात बसतात. डीटीपीवाला विचारतोच, “मजकूर मागचाच ठेवू काय?”

या मालमसाल्याची नेमकी यादी ३०० वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये छापून आली होती. तारीख २५ जून १७२२, पत्र ‘न्यू-इंग्लंड कूरंट’. लिहिणारी सायलेन्स डूगुड नावाची एक विधवा. अशी बाई मुळात नव्हतीच. भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणारा १६ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन हे लेख लिहून रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवायचा. अशी १४ पत्रं छापली गेली, त्यातल्या सातव्यात त्यानं न्यू इंग्लंडची, म्हणजे बॉस्टन नि आसपासच्या इंग्रज वसाहतींची, शोककविता कशी रांधायची याची पाककृती दिली.

कृती अशी. मथळा तयारच मिळतो. स्वतः करायचा हट्ट असेल तर वय लिहिताना लॅटिनमधलं ‘एटाटिस सुए’ विसरू नका, त्यानं फार शोभा येते. मग नुकताच वारलेला एखादा शेजारी घ्या. वय कितीही चालेल, पण माणूस अचानक गेलेला बरा: मारला गेलेला, बुडालेला किंवा थंडीनं गारठून मेलेला. त्याचे सगळे सद्गुण घ्या, कमी पडले तर पुरेसे होईपर्यंत उसने आणा. मिळाले तर त्याचे शेवटचे शब्द घाला. सगळं एकत्र करून नीट गाळा. वरून मूठ-दोन मूठ खिन्न शब्द भुरभुरा: भयंकर, क्रूर थंडगार मृत्यू, दुर्दैव, पाणावलेले डोळे. हे मिश्रण हार्वर्डच्या एखाद्या पोराच्या रिकाम्या कवटीत भरा, ती हाताशी नसेल तर स्वतःची चालेल, आणि पंधरा दिवस आंबू द्या. आंबून गोळा झाला की जोडयमकं लावून कागदावर पसरा. लॅटिनचा एखादा तुकडा मिळाला तर शेवटी सजावटीला ठेवा. खाली ‘दुःखाने रचिले’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आणि आपलं नाव. तळटीप: मयत बाई असेल तरी हीच कृती, फक्त सद्गुण जास्त उसने घ्यावे लागतील.

तळटीप झोंबणारी आहे. उरलेल्या कृतीत लॅटिनच्या जागी गीतेचा श्लोक ठेवा, ‘एटाटिस सुए’च्या जागी ‘वय वर्षे ७२’, की आपलं पान तयार. पण फ्रँकलिनच्या टिंगलीवर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. हा साचा आला कुठून, आणि एकेकाळी तो कशाच्या कामाचा होता, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला ते सांगायचंही नव्हतं.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत आलेल्या पहिल्या पिढीच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांनी, अंत्यविधी जवळजवळ मोडीतच काढला होता. मेलेल्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे रोमन चर्चची खोड, असा त्यांचा पक्का समज. बॉस्टनमध्ये काही वर्षं राहून परत गेलेल्या थॉमस लेचफर्ड या वकिलानं १६४२ साली लिहून ठेवलंय की दफनाच्या वेळी काही वाचत नाहीत, प्रवचन नाही. घंटा वाजली की शेजारपाजारचे जमतात, मयत नेतात आणि पुरून होईपर्यंत मुकाट उभे राहतात. मंत्र नाही, कीर्तन नाही, दहावा-तेरावा नाही. माणसाला इतकी शांतता सोसत नाही. ती जागा कवितेनं भरून काढली. कविता म्हणजे प्रार्थना नव्हे, त्यामुळे धर्माची आडकाठी नव्हती.

ती लिहिणारे बहुधा धर्मोपदेशक किंवा हार्वर्डात शिकलेले. कविता शवपेटीवरच्या कापडाला टाचत, हस्तलिखित फिरवत, आणि मयत मोठ्या घरची असली तर एकपानी छापत: भोवती जाड काळी चौकट, वर लाकडी ठशातून उमटवलेली कवटी, आडवी हाडं, वाळूचं घड्याळ, कुदळ-फावडं. ठसे एकदा कोरले की पुन्हा पुन्हा वापरायचे. आपल्या समयांच्या क्लिपआर्टसारखेच.

रचनेचे टप्पे तीन: आधी शोक, मग मृताचं चित्र, मग मागं राहिलेल्यांना उपदेश. तिसरा टप्पा खरा महत्त्वाचा. उरियन ओक्स या धर्मोपदेशकानं १६७७ मध्ये, देवीच्या साथीत गेलेल्या थॉमस शेपर्ड या धर्मोपदेशकावर सहा-सहा ओळींची ५२ कडवी लिहिली. त्यात रडता रडता तो मंडळीवरच उलटतो: आमच्या पापांनीच आमचा शेपर्ड मारला. शेपर्ड म्हणजे मेंढपाळ, तेव्हा श्लेषही साधला. मृत्यू ही गावाला आलेली ताकीद आणि कवी ती वाचून दाखवणारा.

दुसरा टप्पा, म्हणजे चित्र, आज सर्वांत फिका वाटतो. तो मुद्दाम फिका ठेवलेला होता. देवानं निवडलेला माणूस बायबलमधल्या संतांसारखा दिसायला हवा. त्याचा तिरसटपणा, त्याचं हसणं, त्याची दुकानदारी कवितेत आणली तर वाचणाऱ्यानं गिरवायचा कित्ता बिघडतो. सगळे सज्जन एकसारखे दिसत, कारण सगळे एकाच मूर्तीच्या छाया मानले जात. शेवटचे शब्द गोळा करण्यामागंही कारण होतं: माणूस शांतपणे, श्रद्धेनं गेला ही त्याला मोक्ष मिळाल्याची बारीकशी खूण. खात्री नव्हे, खूणच. १७२२ पर्यंत ही श्रद्धा बरीच पातळ झाली होती, साचा मात्र जसाच्या तसा. फ्रँकलिन हसला तो या मधल्या फटीला.

या काळातली सर्वांत विक्षिप्त कारागिरी म्हणजे नावाची अक्षरपालट. मृताच्या नावातली सगळी अक्षरं, एकही जास्त-कमी न करता, फिरवून वाक्य बनवायचं. ते मथळ्याखाली ठेवून त्यावरच कविता उभी करायची. देवानं नावातच अर्थ दडवलाय, कवीनं तो फक्त उकलायचा, ही समजूत. बॉस्टनचा धर्मोपदेशक जॉन विल्सन यासाठी प्रसिद्ध होता. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर थॉमस डडली यांना तर जिवंतपणीच कुणीतरी अक्षरपालट पाठवली. Thomas Dudley या नावातली रोमन लिपीतली बारा अक्षरं हलवून वाक्य निघालं: अरे, म्हाताऱ्याला मरायचंच आहे. मराठीत हा खेळ बसत नाही. काना, मात्रा, वेलांटी व्यंजनाला चिकटलेली. ती सोडवली तर अक्षर मोडतं, नाही सोडवली तर पालटायला उरतं काय? आपल्याकडे फार तर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर नावातून घेतात. तेही त्यांच्यात होतंच.

छंद दोन प्रकारचे. शिकलेल्यांची दहा उच्चारखंडांची (सिलेबलांची), दोन-दोन ओळींना यमक जुळणारी ओळ. साध्या लोकांची ८-६-८-६ अशी चाल, कारण १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजच्या छापखान्यात निघालेल्या स्तोत्रपुस्तकातून ती प्रत्येकाच्या गळ्यात बसलेली. अभंगाच्या ६-६-६-४ ची ज्यांना सवय आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: ऐकून पाठ झालेल्या मापात शोक आपोआप ओतला जातो, आणि त्याच मापात ठोकळेबाज शब्दही आपोआप येऊन बसतात.

मग चांगली कविता निघाली कुठून? ॲन ब्रॅडस्ट्रीट ही मॅसॅच्युसेट्सची पहिली मोठी कवयित्री, वर आलेल्या डडलींचीच मुलगी. तिचं पहिलं पुस्तक १६५० मध्ये लंडनला निघालं. त्यातल्या राणी एलिझाबेथ आणि सर फिलिप सिडनी यांच्यावरच्या विलापिका भारदस्त आहेत आणि मला कंटाळवाण्या वाटतात. पण १६६५ ते १६६९ या काळात तिची तीन नातवंडं गेली. तिनं मथळ्यातच हिशेब लिहिला: एलिझाबेथ, दीड वर्षाची, ॲन, तीन वर्षं सात महिन्यांची, सायमन, एक महिना एक दिवसाचा. फ्रँकलिनच्या पाककृतीत ‘वय काही का असेना’. इथं वय हीच कविता.

एलिझाबेथवरची कविता फक्त चौदा ओळींची, सात-सातची दोन कडवी. पहिल्यात निरोप आहे आणि ‘आता रडू कशाला’ हे शिकवलेलं समाधानही. दुसरं कडवं शेतातून येतं: झाडं वाढून मग कुजतात, पिकलेलं फळ गळतं, धान्य नि गवत हंगाम आला की कापलं जातं. पण नुकतं लावलेलं रोप उपटलं जावं, नुकती फुटलेली कळी इतक्यात संपावी, हे फक्त देवाच्याच हातून घडतं. वाक्य अगदी धर्माला धरून आहे. तक्रार कुठंच नाही. तरी खानापूरच्या चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाईला विचारा, लावलेलं रोप उपटणाऱ्याला काय म्हणतात. सायमनच्या वेळी ती आणखी पुढं जाते: तीन फुलं, दोन जेमतेम उमललेली, तिसरं कळीतच, देवाच्या हातानं खुडली, तरीही तो चांगला आहे. ‘तरीही’ या एका शब्दावर सगळा भार. या कविता तिच्या मृत्यूनंतर, १६७८ च्या आवृत्तीत छापल्या गेल्या.

साचा आतून फिरवून दाखवणारी दुसरी बाई म्हणजे फिलिस व्हीटली. १७६१ मध्ये, सात-आठ वर्षांची असताना, आफ्रिकेतून गुलाम म्हणून बॉस्टनला आणून विकलेली. जॉर्ज व्हाइटफील्ड हा गाजलेला प्रवचनकार ३० सप्टेंबर १७७० रोजी वारला; त्याच्यावरच्या तिच्या छापील विलापिकेनं तिचं नाव समुद्रापार गेलं. त्यात व्हाइटफील्डच्या तोंडून ती आफ्रिकनांनाही बोलावते: ख्रिस्ताला स्वीकारा, तो तुमच्यासाठीच आतुर आहे. १७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनला निघालं आणि त्यात मोठा वाटा विलापिकांचाच. बऱ्याचशा लहान मुलांवर, आणि पाच वर्षांच्या मुलीचे सद्गुण कितीसे मोजणार? म्हणून ती तो टप्पाच गाळते. पहिल्या दोन ओळींतच मूल स्वर्गाकडे उडालेलं असतं आणि मग ती आईबापांकडे वळून विचारते, मुलगी परत का मागता? गुलाम मुलगी प्रतिष्ठित घरातल्या शोकाकुल माणसांना सांगते, पुरे आता, मान लववा. या एका प्रकारात तिला ही मुभा होती.

तिच्या स्वतःच्या आईबापांवर विलापिका मिळत नाही. अर्ल ऑफ डार्टमथ या ब्रिटिश मंत्र्याला लिहिलेल्या कवितेत काही ओळी आहेत तेवढ्याच: बापाकडून त्याचं लाडकं लेकरू हिसकावणारं काळीज किती पोलादी असेल. बाप तेव्हा जिवंत असेल तर जिवंतपणीच झालेला हा शोक.

पुढचं थोडक्यात. मयतीला हातमोजे आणि स्कार्फ वाटायची चाल बोकाळली होती, मोज्यांची जोडी हेच आमंत्रण. १७७४ मध्ये अमेरिकन वसाहतींनी आपसात केलेल्या काँटिनेंटल असोसिएशन या करारात, इंग्रजी मालावरच्या बहिष्कारासोबत, हे वाटप बंद करायचं आणि पुरुषांनी फक्त दंडाला किंवा टोपीला काळी फीत लावायची असं कलमच आलं. थडग्याच्या दगडांवर पंखवाली कवटी जाऊन पंखवाला बाळचेहरा आला, मग अस्थिकलश नि विलोचं झाड. १४ डिसेंबर १७९९ ला अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन वारले तेव्हा तोच कलश आणि तीच विलो छापील चित्रांवर आणि शाळकरी मुलींच्या रेशमी भरतकामात सगळीकडे झळकली. वॉशिंग्टनसाठी निघालेल्या ढीगभर पद्यात तर उसने घ्यायची गरजच नव्हती, सद्गुण ओसंडून वाहत होते. म्हणूनच त्यातलं फारसं काही आज वाचवत नाही.

साच्याला नावं ठेवायची नाहीत. जिल्ह्यातल्या कितीतरी देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत, तेही साचाच: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर लिंगपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. दोनतीन दिवसांत कविता हवी, घर रडतंय, तेव्हा साचाच हात देतो. तुमच्याकडे कुणी ‘चार ओळी लिहून द्या’ म्हणत आलं तर तीन ओळी खुशाल साच्यातल्या घ्या. चौथीसाठी घरच्यांना विचारा: शेवटच्या महिन्यात रोज काय करत होते? लिहून झालं की नाव झाकून वाचा. ओळ दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली चालत असेल तर ती अजून उसनी आहे.

फ्रँकलिननं पाककृतीआधी ज्या कवितेची खिल्ली उडवली ती सेलमच्या जॉन किटेलच्या बायकोवर, मेहिटेबेलवर होती. एक बायको, एक मुलगी, एक बहीण गमावली असं कवी म्हणतो, म्हणजे एका मयतीत तीन माणसं गेली की काय, असं फ्रँकलिन खोचकपणे सुचवतो. ते बरोबर आहे, ओळ गंमतशीरच. पण त्यानं हसण्यासाठी उतरवलेल्या आणखी काही ओळी आहेत. मरण्याच्या जरा आधी ती म्हणाली, आता या पृथ्वीवर आणखी एक प्रवचन ऐकणं होणार नाही. मग नवऱ्याचा मुका घेतला आणि डोकं उशीवर टेकलं, धाप लागलेली, दमलेली.

छंद लंगडा आहे, यमक ओढूनताणून आणलंय. पण ‘दमलेली’ हा शब्द त्यानं कुणाकडून उसना आणला नव्हता.