चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

आज आईच्या केमोची तिसरी सायकल होती. ती झाली नाही. सकाळी सिडकोतून निघून आम्ही रुग्णालयात पोहोचलो, रक्त दिले, आणि दुपारी आलेल्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, १.८ निघाले, जे पहिल्या सायकलपूर्वी ०.८ होते.

तिला दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग असून त्याला १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. शरीराबाहेर पडताना ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साचते आणि त्यांना इजा करते. म्हणूनच औषधाच्या आधी व नंतर सलाईन लावतात, त्यात बहुधा मॅग्नेशियमही असते. मी मात्र इतके दिवस त्या बाटल्या अशक्तपणासाठी आहेत असेच समजत होतो.

"मावशी, घरी दुखण्याची गोळी घेतलीत का?" डॉक्टरांनी विचारले. आईने पिशवीतून चष्म्याची डबी काढली आणि तिच्यातून आयबुप्रोफेनची अर्धी रिकामी स्ट्रिप. गुडघ्यांसाठी, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, मला न सांगता आणलेली. ही गोळीही मूत्रपिंडावर ताण आणते. त्यात उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नव्हते. नेमका दोष कशाचा हे सांगणे अवघड आहे, असे डॉक्टर म्हणाले. मीही आईला काही बोललो नाही.

आता ती गोळी बंद, आठवड्याने पुन्हा तपासणी. आकडा उतरला नाही तर सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन या औषधाचा विचार होईल, जे मूत्रपिंडाला तुलनेने कमी त्रास देते, पण प्लेटलेट अधिक घटवते. मुंबई नाक्यावरच्या कोंडीत आई गप्प होती. घरी आल्यावर तिने पाण्याचा पहिला तांब्या संपवला आणि कॅलेंडरवर स्वतःच एक रेघ मारली.