पट बघा, मग ड्रॉ काढा

नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबईच्या शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शिल्डचा एक सामना देशभर गाजला. बोरिवलीच्या शाळेने ४ बाद ७६१ केल्या, अंधेरीची शाळा ७ धावांत गारद. बाद झालेले दहाही जण शून्यावर, आणि त्या ७ धावाही अवांतर: ६ वाईड, १ बाय. ७५४ धावांनी पराभव म्हटल्यावर फॉरवर्ड करणाऱ्यांना आयतं खाद्य मिळालं. धावपत्रिका पूर्ण वाचली फार थोड्यांनी. त्या ७६१मधल्या १५६ धावा बोरिवलीच्या पोरांनी काढलेल्याच नव्हत्या. अंधेरीच्या संघाला ३ तासांत ४५ षटकं टाकता आली नाहीत, ३९च झाली, म्हणून दंडापोटी त्या बहाल झाल्या. अशा विषम लढती टाळायच्या तर ड्रॉआधी शाळांचे गट पटावर, म्हणजे विद्यार्थीसंख्येवर, पाडायला हवेत.

दुबळ्या संघाचं नेमकं कुठे अडतं ते इथे दिसतं. ३ तासांत ४५ षटकं म्हणजे षटकाला ४ मिनिटं. समोरचा फलंदाज षटकात तीन-चार चौकार मारत असेल तर प्रत्येक वेळी चेंडू आणायला कुणीतरी धावायचं, आणि आझाद मैदानावर तर एका सामन्याची सीमारेषा दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ. चेंडू शेजारच्या सामन्यात घुसला की तिथला गोलंदाज थांबेपर्यंत इथला क्षेत्ररक्षक ताटकळतो. वाईड पडला की तोच चेंडू पुन्हा टाकायचा. म्हणजे मार खाल्ला म्हणून वेळ गेला, आणि वेळ गेला म्हणून आणखी धावा अंगावर बसल्या. वेळकाढूपणा रोखायला केलेला नियम ज्यांना वेळ काढायची अक्कलही नाही अशा पोरांवर चालतो.

फलंदाजीतही तेच. लहान शाळेच्या किटबॅगेत बहुधा दोनच फलंदाजांपुरते पॅड, ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट असतात. बाद झालेला सीमारेषेवर येऊन पॅड सोडणार, पुढचा ते घाईघाईने बांधणार, घामाने ओले ग्लोव्ह्ज चढवणार आणि पळत आत जाणार. क्रिकेटच्या कायद्यात पुढच्या फलंदाजाला ३ मिनिटं आहेत. पट्टा उलटा लागला तर तेवढ्यात होत नाही. तिसरा संच नसलेली शाळा पहिल्या चेंडूआधीच मागे असते.

आपण खेळाडूंचं वर्गीकरण करतोच की. वय बघतो, मुलं-मुली वेगळे करतो, शालेय कबड्डीत तर पोरांना काट्यावर उभं करून वजन घेतो. १४ वर्षांखालच्या पोराला १७ वर्षांखालच्याशी झुंजवणं आपल्याला चूक वाटतं. पण त्याच १४ वर्षांखालच्या गटात एकेक तुकडीची शाळा आणि पाच-पाच तुकड्यांची शाळा एकाच चिठ्ठीपेटीत टाकायला कुणाचीच हरकत नसते. १८९३पासूनच्या मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या फुटबॉलमध्ये निदान पहिला, दुसरा, तिसरा असे विभाग आहेत. ते वारं क्रिकेटच्या ढालींना, म्हणजे शिल्ड स्पर्धांनाही लागायला हवं.

गणित मांडून बघा. एक शाळा, दर इयत्तेला एक तुकडी, तुकडीत ४०, त्यातली निम्मी मुलं. आठवी ते दहावी मिळून ६० मुलं. दुसरी शाळा, इयत्तेला पाच तुकड्या, तुकडीत ६०, निम्मी मुलं: ४५०. क्रिकेटला १५ जणांचा संघ लागतो. पहिल्या शाळेला दर ४ मुलांतून एक निवडावा लागतो, दुसरीला दर ३० मुलांतून. आता दहावीची मुलं अभ्यासाला बसवा. पहिलीकडे ४० उरली, म्हणजे तीन मुलांमागे एक खेळाडू, हातात बॅट धरता येते एवढीच पात्रता. दुसरीकडे अजून ३०० आहेत. जानेवारी २०१६मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या, संघाने ३ बाद १४६५, आणि समोरचा संघ ३१ व ५२ धावांत संपला. त्या शाळेने दहावीची मुलं पाठवली नव्हती आणि एका बाजूची सीमारेषा फारच जवळ होती, हेही तेव्हा छापून आलं होतं. आपण १००९ तेवढे लक्षात ठेवले.

प्रत्येक मोठी धावसंख्या अशीच असते असं मात्र नाही. फेब्रुवारी १९८८मध्ये तेंडुलकर-कांबळीची ६६४ची अभेद्य भागी झाली ती उपांत्य फेरीत, सेंट झेवियर्ससारख्या नावाजलेल्या शाळेपुढे. म्हणून धावांच्या आकड्यावरून विषम लढत ओळखू नये. ती ओळखायची जागा पटावर आहे.

पट म्हणजे नुसती एकूण विद्यार्थीसंख्या धरली की घोळ होतो. ६०० पटाची मुलांची शाळा आणि ६०० पटाची मुलामुलींची शाळा कागदावर सारखी, मैदानावर दुप्पट फरक. आठवीपर्यंतच असलेल्या पालिका शाळेला १७ वर्षांखालचा संघ उभा करायलाच पोरं नाहीत. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर अकरावी-बारावीची गर्दी १९ वर्षांखालच्या गटापुरतीच मोजावी. आणि मुंबईची खासियत म्हणजे एकाच इमारतीत, एकाच संस्थेची मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाची शाळा, दोघींचे यूडायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीनोंदणीतले क्रमांक, वेगळे. जूनमध्ये चांगला डावखुरा गोलंदाज एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर गेला की तो ‘लहान’ शाळेचा झाला.

म्हणून मोजायचा तो पात्र पट: त्या खेळाच्या, त्या वयोगटाच्या इयत्तांतली फक्त मुलं किंवा फक्त मुली. यासाठी नवी खानेसुमारी नको. संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट शाळा देतातच, यूडायसवर इयत्तावार मुलं-मुली भरलेल्या असतात. गेल्या सप्टेंबरचा आकडा या वर्षी वापरायचा, म्हणजे प्रवेशिका भरताना कुणाला तो वाकवता येत नाही. एका आवारातल्या, एका संस्थेच्या शाळांचा पट एकत्र धरायचा.

मग पात्र पटाला संघातल्या खेळाडूंनी भागायचं. भागाकार ६पेक्षा कमी आला तर क गट, ६ ते १५ ब गट, त्याच्या वर अ गट. क्रिकेटला १५ खेळाडू धरले तर ९०च्या खाली क आणि २२५च्या वर अ. कबड्डीला १२ धरले तर ७२ आणि १८०. एकच शाळा कबड्डीत ब आणि क्रिकेटमध्ये क असू शकते, आणि तसंच असावं. सरसकट ‘लहान शाळा’ असा शिक्का मारला की शाळेला लाज वाटते आणि मुख्याध्यापक सही करत नाहीत. बुद्धिबळ, कॅरम, वैयक्तिक अ‍ॅथलेटिक्स यांना ही भानगड नको. तिथे एक पोरगं पुरतं.

इतकं करूनही मुंबईत अर्धंच काम होतं. इथे चांगला खेळाडू पटातून तयार होतो त्यापेक्षा जास्त वेळा दाखला घेऊन येतो. तेंडुलकरच वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून शारदाश्रमात गेला, आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, कारण तिथे क्रिकेट होतं. यात गैर काही नाही. होतकरू पोराने चांगल्या मैदानाकडे जाणारच. फक्त अशी शाळा २०० पटाची असली तरी तिला ‘लहान’ म्हणायचं नाही.

हे ओळखायला हेरगिरी लागत नाही. प्रवेशिकेला जोडलेल्या जनरल रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीच्या उताऱ्यावर नजर टाका. पहिलीपासून त्याच शाळेत असलेल्या मुलांचे नोंदणी क्रमांक एकमेकांच्या आसपास असतात, प्रवेशाची तारीख जूनमधली, आठ-नऊ वर्षांपूर्वीची. त्या यादीत मध्येच तीन-चार क्रमांक एकदम हजार-दोन हजाराने पुढे, सगळे नववीत, सगळे एकाच आठवड्यात दाखल, मागची शाळा वेगवेगळी. छाननीच्या टेबलावर बसलेल्या जुन्या क्रीडाशिक्षकाला ते पान बघून काही विचारावंच लागत नाही.

नियम असा ठेवता येतो. गेल्या १२ महिन्यांत दुसऱ्या शाळेतून आलेले तीन किंवा अधिक खेळाडू संघात असतील तर संघ एक गट वर. अपवाद घर बदललेल्यांचा. चाळ पुनर्विकासाला गेली, कुटुंब विरारला किंवा मानखुर्दला हललं, तर पोराचा दोष काय? पत्त्याचा पुरावा घ्या आणि मोजू नका. शिवाय गेल्या दोन हंगामांच्या निकालांचे गुण धरा: उपांत्यपूर्व १, उपांत्य २, उपविजेता ३, विजेता ४. दोन वर्षांत ४ गुण झाले की वरचा गट. अमेरिकेत इंडियाना राज्याने बास्केटबॉलमध्ये जवळपास हाच मार्ग धरला. १९९७-९८ला तिथे शाळांचे पटानुसार चार वर्ग केले आणि पुढे सतत जिंकणाऱ्यांना वर ढकलायची तरतूद जोडली.

त्याच इंडियानात १९५४ साली मायलन नावाच्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी सेंट्रलला ३२-३० हरवून राज्य जिंकलं होतं. वर्गवारीला विरोध करणारे आजही तोच सामना काढतात, आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. मोठ्याला लोळवायची संधीच काढून घेतली तर लहान शाळेचा खेळ बेचव होतो. त्यावर इलाज सोपा आहे: क आणि ब गटाच्या विजेत्यांना त्याच हंगामात अ गटाच्या उपांत्यपूर्व फेरीआधी एकेक जागा राखून ठेवा. ज्याला खुमखुमी आहे त्याने जिंकून वर यावं. ज्याला पहिल्याच फेरीत चिठ्ठीने तिथे फेकलंय, त्याला ती संधी वाटत नाही.

ड्रॉचंही बघायला हवं. ४४ प्रवेशिका आल्या तर बाद पद्धतीत ६४चा तक्ता, २० संघांना पुढे चाल, पहिल्या फेरीत १२ सामने. मानांकित शाळा पुढे चाल घेऊन बसतात आणि दुसऱ्या फेरीत धडपडत आलेल्या लहान शाळेवर हात साफ करतात. क गटात १८ संघ असतील तर ५-५-४-४ संघांचे पूल, म्हणजे साखळी सामन्यांचे छोटे संच, करा: १०, १०, ६, ६ मिळून ३२ सामने, वर उपांत्य आणि अंतिम ३. प्रत्येक संघाला किमान ३ सामने मिळतात. १४ वर्षांखालच्या कबड्डीचा सामना १५-५-१५ मिनिटांचा. वजन-हजेरी धरून ४० मिनिटं ठेवली तर एका मैदानावर ८ तासांत १२ सामने, दोन मैदानांवर दीड दिवसात पूल संपतात. क्रिकेटला हे परवडायचं तर पूलचे सामने २० षटकांचे हवेत. आणि दंडाच्या धावांचा नियम पूल फेरीत नको. षटकं कमी पडली तर समोरच्याचीही तेवढीच कमी करा.

आपल्याकडे खो-खोत लहान शाळा टिकून आहेत त्याला कारण आहे. मैदानात ९ जण, दोन खांब, चुन्याची पूड आणि मातीची सपाट जागा. लालबाग-परळ-प्रभादेवीकडे कबड्डीचंही तसंच, शाळेबाहेर मंडळं आहेत, संध्याकाळी सराव फुकट होतो. शिक्षक नसला तरी चालून जातं, आणि तो बऱ्याचदा नसतोच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच सहावी ते आठवीचा पट १००च्या वर असेल तर अर्धवेळ क्रीडा निदेशक, असं लिहिलंय. त्याखालच्या शाळेत पीटीचा तास गणिताच्या बाई घेतात, म्हणजे बहुतेक वेळा गणितच होतं.

चुरशीच्या जोड्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. गिरगाव, दादरकडच्या कितीतरी मराठी शाळांचा पट माणसं उपनगरांत गेल्यावर ओसरला, पण शेजारच्या शाळेशी असलेलं हाडवैर तसंच आहे. एक आता क गटात आणि दुसरी अ गटात गेली तर तो सामना मरेल अशी माजी विद्यार्थ्यांना भीती. त्यांनी तो सामना स्पर्धेबाहेर, दरवर्षी ठरलेल्या शनिवारी, स्वतःच्या फिरत्या चषकासाठी खेळवावा. पॅडचा तिसरा संच त्याच वर्गणीतून येऊ शकतो. माजी विद्यार्थ्यांनी ढालीपेक्षा तिथे पैसे घालावेत हे माझं स्पष्ट मत.

खरी अडचण वाढीव गुणांची आहे. दहावीला क्रीडागुण मिळतात ते ठरावीक स्तरावरच्या कामगिरीचे, आणि जिल्ह्यातून विभागाला एकच संघ जातो. क गटाच्या विजेत्याला तो दर्जा द्यायचा की नाही यावर भांडणं होणार. शासकीय स्पर्धा आहे तशी ठेवून गटवारी आधी संघटनांच्या आणि वॉर्ड पातळीवरच्या स्पर्धांत करून बघणं त्यातल्या त्यात सोपं. त्यासाठी जूनच्या सभेत गटांची यादी लागायला हवी, हरकतींना १५ दिवस, आणि ड्रॉ त्यानंतरच. ऑगस्टमध्ये खो-खोच्या प्रवेशिका आल्यावर गट ठरवायला बसलात तर प्रत्येक शाळा आपलाच पट कमी करून सांगणार.