भारतीय असल्याचा दाखला लवकर मिळाला

तहसील कचेरीतून मिळणाऱ्या एका दाखल्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असं आहे. सगळे त्याला डोमिसाईल म्हणतात, मधला शब्द कुणी वाचत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मी तो काढला तेव्हा शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि रहिवासाचे कागद एवढ्यावर काम झालं. मी भारताची नागरिक आहे हे सरकारनं कसलीही शंका न घेता लिहून दिलं. मी वडार आहे हे लिहून घ्यायला मात्र अकरावीत सुरू केलेली धावपळ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापर्यंत चालली. देश म्हणजे काय, त्यात आपली जागा कोणती, याचा एवढा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

महाराष्ट्रात चौदा विमुक्त जाती आहेत, वडार त्यांतली एक. प्रवर्ग विजा-अ, म्हणजे विमुक्त जाती-अ, आरक्षण तीन टक्के. जातीच्या दाखल्यासाठी आमचा मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे त्या तारखेआधी आमच्या वडिलांकडचं कुणीतरी महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात अमुक होती, असा कागद हवा. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांच्या घरात सातबारा आहे, ज्यांचे पणजोबा गावच्या शाळेत गेले, त्यांना हे अवघड वाटणार नाही.

आमचे आजोबा शाळेत गेले नाहीत. ते जन्मले कुठे हेही नीट माहीत नाही. आजी म्हणते, रस्त्याच्या कामावर, पालात. कोतवाल बुकात गावातल्या जन्माची नोंद व्हायची, गावाबाहेर महिना-दोन महिने पालं टाकून पुढे जाणाऱ्यांची कोण करणार? दगड फोडायचा, मुरूम उपसायचा, काम संपलं की गाढवावर संसार लादून पुढच्या कामावर. ७२ च्या दुष्काळात आजी-आजोबा नालाबांधाच्या कामावर होते. त्यानंतर उजनी. ते धरण १९६९ ला सुरू झालं आणि १९८० ला पूर्ण झालं. आजोबांनी तिथं कालव्याच्या खोदकामावर काही वर्षं काढली. आज सोलापूर जिल्ह्यातला ऊस त्या पाण्यावर उभा आहे. त्या कामावरच्या मजुरांच्या हजेरीचे कागद कुठं मिळतील का, हे मी विचारून पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शाळेचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) होता, त्यावर ‘हिंदू वडार’ असंही होतं, पण साल १९८४. सेतू केंद्रातल्या मुलीनं तो बघूनच सांगितलं, साठच्या आधीचं काहीतरी आणा. एका कचेरीत तर, बाहेर बसलेल्या एजंटाला भेटा, तो करून देतो, असंही सुचवलं गेलं. अण्णा सेंट्रिंगच्या कामावर जातात. कचेरीत जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तरी ते एजंटाकडे गेले नाहीत. ‘आपण खरे आहोत, तर पैसे कशाला द्यायचे,’ एवढंच म्हणाले. मला वडिलांचा एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

वाट सापडली ती आजीमुळे. मी तिच्याजवळ वही घेऊन बसले आणि आठवतील तेवढ्या पिढ्या सांग म्हटलं. ती न अडखळता सांगत गेली. कोण कुणाचा भाऊ, कुणाची सोयरीक कुठल्या गावी, कोण कुठल्या कामावर दगडाखाली सापडून गेला. त्यात एक चुलत आजोबा निघाले. लहानपणी पाय अधू झाल्यानं त्यांना दगडाचं काम जमणार नव्हतं, म्हणून माढा तालुक्यातल्या एका गावी आत्याकडे ठेवून शाळेत घातलं होतं. घरातला शाळेत गेलेला पहिला माणूस, आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

त्या गावी मी आणि अण्णा गेलो. शाळा आता जिल्हा परिषदेची आहे, पण जिल्हा परिषदा १९६२ ला आल्या, त्याआधी ती लोकल बोर्डाची होती. जुनी रजिस्टरं एका लोखंडी कपाटात होती. मुख्याध्यापकांनी आमचा अर्ज घेतला आणि दुपारची शाळा सुटल्यावर स्वतः बसून एकेक पान उलटलं. पानांच्या कडा हात लावला की झडत होत्या, म्हणून ते आम्हाला हात लावू देत नव्हते. १९५७ सालच्या पानावर ते नाव सापडलं. बापाचं नाव, जन्मतारीख अंदाजे, जात ‘हिंदू वडार’. जन्मस्थळाचा रकाना रिकामा. अण्णांनी ती ओळ वाचून दाखवायला सांगितली, मग पुन्हा एकदा सांगितली. मुख्याध्यापकांनी निर्गम उतारा लिहून, सही-शिक्का मारून हातात दिला आणि चहाही पाजला. या सगळ्या प्रवासात मला कटू बोलणारे भेटले तसे हेही भेटले, आणि माझ्यासाठी सरकार म्हणजे तेच गृहस्थ आहेत असं मी ठरवून टाकलंय.

उतारा मिळाल्यावरही त्या चुलत आजोबांचं आमच्याशी नातं दाखवायचं होतं. वंशावळीचं शपथपत्र केलं. आजोबांचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर वेगळं, त्याचं आणखी एक शपथपत्र. फाईल त्रुटी काढून परत आली, पुन्हा गेली. शेवटी प्रांतांच्या सहीचा जातीचा दाखला आला आणि बारावीत व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे तो दाखला तपासून मिळणाऱ्या जातवैधता प्रमाणपत्रासाठी, अर्ज केला. जिल्हा जात पडताळणी समितीनं प्रकरण दक्षता पथकाकडे दिलं.

पथकातल्या अधिकारी घरी आल्या तेव्हा मी धास्तावले होते. त्यांनी आजीलाच बरंच विचारलं. घरात बोलता काय? वडारी. ती तेलुगूच्या जवळची भाषा, आजी आणि आत्या अजून बोलतात, मला कळते पण बोलताना मराठी मिसळते. देव कोणता? यल्लम्मा. लग्नं कुणात होतात, काम काय करायचा, घण केवढ्याचा असायचा. आजीनं आपल्या सासूबद्दल सांगितलं, की तिनं जुन्या वडार बायकांप्रमाणे जन्मभर चोळी घातली नाही. मी कॉलेजात कधीच कुणाला सांगितली नसती अशी ही गोष्ट. आजी ती ताठ मानेनं सांगत होती आणि त्या बाई शांतपणे लिहून घेत होत्या. तेव्हापासून ती मलाही लपवावीशी वाटत नाही.

याच काळात मी आमच्यासारख्यांचा इतिहास वाचायला लागले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा. पोलिसांकडे हजेरी, बाहेर पडायला परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापुरातला तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून तो आमचा विमुक्त दिन. आमच्या ओळखीतल्या एका कैकाडी कुटुंबाला पणजोबांचा पुरावा सेटलमेंटच्या जुन्या कागदांत सापडला. ज्या नोंदीनं त्यांना गुन्हेगार म्हटलं, तीच आता त्यांच्या पणतीच्या शिक्षणाला उपयोगी पडली. मला हे ऐकून राग आला होता, अजून येतो.

दुसरी गोष्ट सीमेची. माझी आत्या विजापूरला दिली आहे. तिची मुलं कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडतात, कारण तिथं वडार भोवींबरोबर त्या यादीत आहेत. आम्ही इकडे विमुक्त जाती. तेलंगणात तीच माणसं मागासवर्गाच्या ‘अ’ गटात. कैकाड्यांचं तर महाराष्ट्रातच असं आहे: विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती, बाकी राज्यात विमुक्त. आत्या आणि अण्णा सख्खे बहीण-भाऊ, एकाच पालात वाढलेले. त्यांच्या मुलांसाठी एकच देश तीन तासांच्या अंतरावर वेगळा वागतो. राज्यांच्या याद्या वेगळ्या का, याची कारणं आहेत, ती मी समजून घेतली. पण फिरस्त्या माणसांच्या बाबतीत राज्याची हद्द हा निकष ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. आमचे लोक काम असेल तिकडे जात होते, तेव्हा ती हद्द आजच्या जागी नव्हतीही.

कॉलेजात एकानं विचारलं, एवढा त्रास झाल्यावर तुला देशाबद्दल काय वाटतं? मला उत्तराला वेळ लागला नाही. शाळेत रोज म्हणायचो ती प्रतिज्ञा, ‘भारत माझा देश आहे’, ती मुळात तेलुगूत लिहिली गेली आहे, १९६२ मध्ये, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. हे कळल्यावर मी ती तेलुगूतून शोधून आजीला वाचून दाखवली. तिला बरीचशी कळली. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे वाक्य मी आजही मनापासून म्हणते. माझी तक्रार आहे ती देश आपला मानून केलेली तक्रार आहे. मी स्थापत्य शिकते आहे. पुस्तकातलं दगडी बांधकाम अण्णा मला हातानं समजावून सांगतात. रस्ते, कालवे, बंधारे बांधणाऱ्यांना या देशात ‘तुम्ही होतात कुठे?’ असं विचारलं जाऊ नये, एवढं मला वाटतं.

भटक्या-विमुक्तांकडे कागद नसतात हे सरकारला नव्यानं सांगावं लागत नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला, भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानं सुमारे दहा वर्षांनी. गृहचौकशी करून, पंचनामा करून दाखला देण्याची वाट आहे. पण ती वाट आमच्या वस्तीत कुणाला ठाऊक नव्हती, आणि खिडकीतून ती आपण होऊन कुणी सांगितली नाही. तलाठ्यांनी वस्तीवर येऊन म्हाताऱ्यांकडून वंशावळी लिहून घ्याव्यात. ज्यांना सगळं पाठ आहे ती पिढी आता थोडीच उरली आहे.

माझी व्हॅलिडिटी आली. त्या वर्षी मुदत वाढवून मिळाली म्हणून प्रवेश टिकला. आता धाकट्या भावाला आणि चुलत भावंडांना रक्तनात्यातली व्हॅलिडिटी म्हणून माझा कागद जोडता येईल. वस्तीतल्या ज्या घरांत साठच्या आधी शाळेत गेलेलं एकही माणूस नाही, त्यांच्या वंशावळी मी सुट्टीत आजीला बरोबर घेऊन लिहून घेते आहे. पहिल्या घराचा अर्ज गृहचौकशीच्या विनंतीसह तहसीलमध्ये दिला आहे. त्या घरातली मुलगी यंदा अकरावीत आहे.