शक है क्या?

आज दुपारी आत्यासोबत इंदूरच्या सराफ्यात गेले होते. (रात्रीच्या खाऊगल्लीत नाही हो, दिवसाच्या सोन्याच्या बाजारात.) जुन्या पाटल्या मोडून नव्या घ्यायच्या होत्या. आत्याने चष्मा पुसला, नव्या पाटलीच्या आतला ९१६ चा (२२ कॅरेटचा) शिक्का आणि तो सहा अक्षरी हॉलमार्क नंबर बोट लावून वाचला आणि जुन्या पाटल्यांबद्दल विचारलं, "घट कितनी पकडी?" (घट म्हणजे मोडीत कापलेलं वजन.)

सराफाचा चेहरा पडला. "हम पे शक है क्या, काकीजी?"

"शक होता तो आती क्या? पूछ रही हूँ।"

परतताना रिक्षात मी त्या 'शक'पाशीच अडकले. वर्गात 'सर, एक शंका आहे' म्हणताना सरांवर अविश्वास कुठे असतो? तीच सवय इंग्रजीत 'आय हॅव अ डाउट' होऊन जाते आणि परदेशी साहेब दचकतात. शंका विचारतात, संशय घेतात. क्रियापदातच सगळं आलं. तरी न्यायदर्शनाच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, १६ पदार्थांत (खायचे नव्हेत, विचाराचे विषय) प्रमाण-प्रमेयानंतर लगेच तिसरा मान संशयाचाच, बरं का!

हे सगळं मी आत्याला ऐकवलं. ती "हो गं" म्हणाली आणि घरी पोचताच दोन्ही पाटल्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या.