हाड मोडलं, पण प्लास्टर नाही

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पळताना आमचा पाच वर्षांचा पोरगा ओट्यावरून पडला. फाटलेल्या हनुवटीला तालुक्याला टाके पडले. पण तोंड उघडलं की हनुवटी डावीकडे सरकते, हे बायकोनं हेरलं. डाव्या कानापुढे बोट लावलं की पोरगा कळवळायचा.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात एक्स-रे काढला. कानापुढच्या सांध्याखाली, जबड्याच्या मानेत हाड मोडलं होतं. हनुवटीवरचा मार असा थेट वर जातो म्हणे.

"हाड मोडलं, मंग पलस्तर काहून नाही?" माझ्या आईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या माणसाची कवटी समोर ठेवली. कानापुढे खड्डा, त्याच्या पुढे उंचवटा. तोंड उघडताना जबड्याचं डोकं, म्हणजे मानेवरचं गोल टोक, खड्ड्यातून निघून उंचवट्यावर घसरतं. जन्मतः ही जागा जवळपास सपाट असते. दुधाचे दात येऊन लेकरू चावायला लागलं की उंचवटा भराभर वाढतो, नंतर विशीपर्यंत सावकाश. लहानपणी जबड्याची मान आखूड आणि जाड, हाडाचं कवच पातळ, रक्तपुरवठा भरपूर. जबड्याच्या डोक्यावर कूर्चेचा थर, त्याचं हाड होत राहतं. म्हणून या वयात मोडलेलं हाड झिजत-भरत पुन्हा आकार घेतं. भीती असते ती वेगळीच. जबडा हलवलाच नाही, तर सांध्यात हाड धरून तो जखडू शकतो. मग तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढही खुंटते.

म्हणजे औषध काय, तर तोंड उघडणं! सुरुवातीला मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी; फुटाणे आणि ऊस बंद. दुखणं ओसरल्यावर व्यायाम. आरशात बघत हनुवटी मधोमध ठेवून तोंड उघडायचं. दातांमध्ये कुल्फीच्या काड्यांची चळत धरायची, जमेल तशी एकेक वाढवायची. पोट्टा रडायचा, थुंकायचा, काड्या फेकायचा. शेवटी आजी स्वतःच्या बोळक्यात काड्या धरून समोर बसली, तेव्हा कुठे तो हसून तयार झाला. पलस्तराचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

आता तोंड सरळ उघडतं. तरी वाढ संपेपर्यंत तपासणी चालूच राहणार, कारण मोडलेली बाजू मागे पडली तर चेहरा वाकडा होऊ शकतो. दर वेळी तोंड किती उघडतं ते पट्टीनं मोजतात आणि समोरून फोटो काढतात. पुढची तारीख नेमकी कापूस वेचणीत आली आहे, पण जाऊ.