मुले झोपल्यानंतरचे ऑर्लँडो: डिस्ने आणि युनिव्हर्सलमधील मोठ्यांची रात्र

फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा दिवस बहुधा ठरलेला असतो: पहाटे उठून मॅजिक किंगडम या तेथील मुख्य उद्यानाच्या दारात रांग, दुपारी उकाड्याने हैराण, संध्याकाळी आतषबाजी आणि रात्री पाय चेपत झोप. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो तेव्हा आमच्याबरोबर मुले होती आणि सांगलीहून आलेले सासू-सासरेही होते. मुले आजीजवळ गोष्ट ऐकत झोपत असल्यामुळे रात्री नऊनंतरचा वेळ आम्हा नवरा-बायकोच्या हाती राहत असे. तो वेळ कोठे घालवता येतो, त्याला खर्च किती येतो आणि मुख्य म्हणजे खोलीवर परत कसे यायचे, हे पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

डिस्ने वर्ल्डमध्ये मोठ्यांची रात्र एका ठिकाणी भरत नाही. ती हॉटेलांच्या तळमजल्यांवर, तळ्याकाठच्या फरसबंद रस्त्यांवर आणि एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या उद्यानाच्या पाठीमागच्या अंगाला विखुरलेली आहे. त्यामुळे कोणत्या बारमध्ये बसायचे यापेक्षा तेथून चालत परत येता येईल का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो हॉटेल ठरवतानाच सोडवलेला बरा.

पूर्वी असे नव्हते. १ मे १९८९ रोजी डिस्नेने ‘प्लेझर आयलंड’ नावाचा स्वतंत्र विभाग उघडला होता. ऑर्लँडो शहरातील चर्च स्ट्रीट स्टेशन या करमणूक संकुलाकडे रात्री वळणारे पर्यटक आपल्याच आवारात राहावेत, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. फिरत्या फरशीचा मॅनिक्विन्स हा नृत्य क्लब, विनोदी प्रयोगांचे कॉमेडी वेअरहाउस आणि १९३७ सालच्या शोधयात्रींचा अड्डा म्हणून सजवलेला अ‍ॅडव्हेंचरर्स क्लब, असे सगळे तेथे हाकेच्या अंतरावर होते. शिवाय अनेक वर्षे रोज मध्यरात्री नववर्षाचे स्वागत होत असे, मग बाहेर जुलै महिना का असेना. अ‍ॅडव्हेंचरर्स क्लबात नट पाहुण्यांमध्ये मिसळून वावरत आणि ‘कुंगालूश’ असे ओरडून अभिवादन करत. तेथील जुने गिऱ्हाईक अजूनही या क्लबाबद्दल हळहळतात. २७ सप्टेंबर २००८ रोजी हे क्लब बंद झाले. त्या जागेसह आजूबाजूचा सगळा भाग पुढे नव्याने बांधला गेला आणि २०१५ पासून तो डिस्ने स्प्रिंग्ज या नावाने ओळखला जातो. तेथे दुकाने आणि उपाहारगृहे भरपूर आहेत, परंतु नृत्य क्लब म्हणावा असे काही उरलेले नाही. पहाटेपर्यंत नाचण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

तरीही डिस्ने स्प्रिंग्जमध्ये एक संध्याकाळ जरूर घालवावी, आणि ती रॅगलन रोड या आयरिश पबमध्ये घालवावी, असे माझे मत आहे. हा पब २००५ मध्ये, म्हणजे प्लेझर आयलंडचे दिवस सरत आले असताना, सुरू झाला आणि त्याच्या पश्चात टिकून राहिला. आत जुन्या गडद लाकडाचे फर्निचर आहे, मंचावर वादक बसतात आणि मधूनमधून नर्तक येऊन बुटांच्या ठेक्यावर आयरिश नृत्य करतात. मुलांना मज्जाव नाही, त्यामुळे सगळे कुटुंब एकत्र जेवू शकते. आम्ही तसेच केले. सासूबाईंनी चहा मागवला, सासऱ्यांनी मात्र गिनेस बिअरचा पेला मागवला आणि जेवण वाढणाऱ्या मुलीने सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांकडे अदबीने ओळखपत्र मागितले. सासरे इतके खूश झाले की त्यांनी पासपोर्ट दोनदा दाखवला. नर्तकांचा कार्यक्रम नीट पाहायचा असेल तर मंचासमोरचे टेबल आरक्षण करताना मागावे. ते मिळेलच असे नाही, पण न मागता तर मिळतच नाही.

ओळखपत्राची बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फ्लोरिडात मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि पांढऱ्या केसांकडे पाहून कोणी सूट देईल, असे धरून चालू नये. अमेरिकेत राहणाऱ्यांना तेथील वाहन परवाना पुरतो. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. मोबाइलमधला फोटो किंवा आधार कार्ड चालेल, या भरवशावर निघू नये. पासपोर्ट घेऊन फिरण्याची धास्ती वाटत असेल तर गळ्यात अडकवायची सपाट पिशवी उत्तम, कारण पाळण्यांच्या गर्दीत पर्स सांभाळणे कठीण जाते.

आमच्या सहलीतील सर्वांत रंगलेली रात्र पॉलिनेशियन व्हिलेज हॉटेलमधील ट्रेडर सॅम्स ग्रॉग ग्रॉटो या लहानशा बारमध्ये गेली. जागा इतकी आटोपशीर की शेजारच्या टेबलावरचे बोलणे आपोआप कानावर पडते. रात्री आठपर्यंत मोठ्यांसोबत मुले आत बसू शकतात. आठनंतर फक्त २१ वर्षांवरील लोकांना प्रवेश मिळतो आणि बारचा नूरच पालटतो. येथील काही पेयांशी खोलीतले देखावे जोडलेले आहेत. कोणी क्राकाटोआ पंच मागवला की खिडकीतल्या चित्रातील ज्वालामुखी धुमसू लागतो, दिवे मंदावतात आणि गडगडाट होतो. ‘उह ओआ’ हे पेय अनेकांनी वाटून घेण्यासाठी मोठ्या वाडग्यात येते. मधोमध लहानशी ज्योत असते, तिच्यावर चिमूटभर दालचिनीची पूड टाकली की ठिणग्या उडतात आणि सगळी खोली त्या पेयाचे नाव एकसुरात ओरडते. बार सांभाळणाऱ्यांना तेथे ‘स्किपर’ म्हणतात आणि त्यांची जीभ तिखट असते. आमच्या शेजारी बसलेले एक वयस्क जोडपे दर वेळी इतरांच्या आधी ओरडत होते, यावरून त्यांच्या येथील फेऱ्यांचा अंदाज यावा.

ट्रेडर सॅम्समध्ये टेबल राखून ठेवता येत नाही. तेथे जाऊन प्रतीक्षा यादीत नाव घालावे लागते. आठच्या सुमारास मुलांसह आलेली कुटुंबे उठतात, तेव्हा साडेसात ते पावणेआठच्या दरम्यान नाव दिल्यास बरे पडते. तोपर्यंत बाहेरच्या टिकी टेरेसवर बसता येते, तेथे गिटार किंवा युकुलेलीचे वादन चालू असते. पेयांचे दर साधारण पंधरा ते वीस डॉलर आहेत, वाटून घेण्याची पेये त्याहून बरीच महाग. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर आणि अठरा ते वीस टक्के टिप धरावी. दोघांनी दोन-दोन पेये घेतली की शंभर डॉलरची नोट मोडलीच म्हणून समजा.

पॉलिनेशियनहून मोनोरेल ग्रँड फ्लोरिडियन आणि कंटेम्पररी या हॉटेलांना जाते. एकेका हॉटेलात उतरून एकेक पेय घेण्याचा ‘मोनोरेल क्रॉल’ हा प्रकार अमेरिकन पर्यटकांत लोकप्रिय आहे. आम्हाला त्यातले ग्रँड फ्लोरिडियनचे प्रशस्त दालन जास्त आवडले, कारण तेथे संध्याकाळी पियानो किंवा वाद्यवृंद वाजत असतो आणि काहीही न मागवता तो कितीही वेळ ऐकता येतो. मोनोरेल उद्यान बंद झाल्यानंतर थोड्या वेळाने थांबते, मग पायवाट कामी येते: पॉलिनेशियन ते ग्रँड फ्लोरिडियन आणि तेथून पुढे मॅजिक किंगडमपर्यंत दिवे असलेला चालण्याचा रस्ता आहे. ऑक्टोबरात हा फेरा आणखी सोयीचा ठरतो. हॅलोविनच्या पार्टीच्या दिवशी मॅजिक किंगडम साध्या तिकिटाच्या लोकांना संध्याकाळी सहाला बाहेर काढते आणि सगळी संध्याकाळ मोकळी राहते.

खुद्द मॅजिक किंगडममध्ये मद्याची फारशी अपेक्षा ठेवू नये. कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नेलँडमध्ये १९५५ साली वॉल्ट डिस्नेने घातलेला मद्यबंदीचा दंडक १९७१ मध्ये उघडलेल्या या उद्यानातही पाळला गेला आणि तब्बल ४१ वर्षे टिकला. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन आणि बिअर देण्यास सुरुवात झाली, त्यानंतर टेबलावर वाढणाऱ्या इतर जागांनाही मुभा मिळाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये समुद्री चाच्यांच्या थाटातील बीक अँड बॅरल हे मद्यगृहच सुरू झाले. जुन्या निष्ठावंतांना हे रुचलेले नाही. मला विचाराल तर मॅजिक किंगडममध्ये संध्याकाळ मुलांसाठीच ठेवावी. बसायला इतरत्र जागा पुष्कळ आहेत.

एपकॉटचे गणित वेगळे आहे. तेथील वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अकरा देशांची दालने आहेत आणि प्रत्येक ठिकाणी त्या देशाचे पेय मिळते. सगळ्या अकरा दालनांत एकेक पेला रिचवण्याची पैज तरुण मंडळी लावतात, परंतु दोन किलोमीटरचा तो वळसा, फ्लोरिडाचा दमट उकाडा आणि उन्हात रिकाम्या पोटी घेतलेली टकीला यांचा परिणाम संध्याकाळी ठिकठिकाणच्या बाकांवर पाहायला मिळतो. मेक्सिकोच्या पिरॅमिडमधील ला कावा देल टकीला या अंधाऱ्या, थंडगार बारमध्ये एक मार्गारिटा आणि ब्रिटनच्या रोझ अँड क्राउन पबमध्ये एक बिअर, एवढ्यात आमचे समाधान झाले. आमच्या सहलीच्या वेळी फूड अँड वाइन महोत्सव चालू होता. त्यात लहान आकाराचे पदार्थ आणि पेये मिळतात, त्यामुळे चार चवी पाहायच्या असतील तर तो काळ चांगला. फक्त शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळावी, कारण ऑर्लँडोतील स्थानिक लोकही तेव्हा लोटतात. एपकॉट रात्री साधारण नऊला आतषबाजीनंतर बंद होते.

एपकॉटच्या मागच्या दाराने बाहेर पडले की पाच-दहा मिनिटांत बोर्डवॉक येतो. जुन्या अटलांटिक किनाऱ्यावरील लाकडी फळ्यांच्या रस्त्याची ही नक्कल १९९६ मध्ये उभी राहिली. तेथे जेलीरोल्स नावाचा, दोन पियानोवादकांच्या जुगलबंदीचा बार होता. त्यात फक्त २१ वर्षांवरील लोकांना प्रवेश असे आणि सगळा श्रोतृवर्ग घसा बसेपर्यंत गात असे. तो २०२५ मध्ये बंद झाला, तेव्हा जुनी वर्णने वाचून त्याच्या शोधात जाऊ नये. तळ्याकाठी रात्री फिरायला मात्र बोर्डवॉकसारखी जागा नाही, आणि अब्राकाडाबार या जादूगारांच्या थाटाच्या छोट्या बारमध्ये निवांत बोलता येते.

परत येण्याच्या अडचणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. डिस्नेच्या बस उद्यान ते हॉटेल आणि डिस्ने स्प्रिंग्ज ते हॉटेल अशा धावतात. एका हॉटेलहून दुसऱ्या हॉटेलला थेट बस नसते. म्हणजे तुम्ही दूरच्या स्वस्त हॉटेलात उतरला असाल आणि रात्री अकराला पॉलिनेशियनमधून निघालात, तर उद्याने बंद झालेली असल्याने बसचा उपयोग जवळजवळ नाही. अशा वेळी उबर किंवा लिफ्ट (Lyft) यांची मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. भाड्याची गाडी घेतली असली तरी पेय घेतल्यावर चालवू नये. रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पोलीस कडक आहेत, आणि व्हिसावर राहणाऱ्यांना अशा गुन्ह्याची किंमत दंडापुरती राहत नाही.

दोन रात्री आम्ही युनिव्हर्सल या ऑर्लँडोतील दुसऱ्या मोठ्या उद्यानसमूहाकडे काढल्या. तेथील सिटीवॉक हा खाण्यापिण्याचा आणि करमणुकीचा विभाग १९९९ पासून चालू आहे आणि प्लेझर आयलंडच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी जागा आज हीच आहे. दोन्ही जुन्या उद्यानांत जाणारा प्रत्येक माणूस येथूनच जातो, प्रवेशाला तिकीट लागत नाही आणि सहानंतर गाडी लावणेही बहुधा मोफत असते. हॅलोविन हॉरर नाइट्ससारख्या कार्यक्रमांच्या रात्री मात्र पैसे पडतात. न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध बारची शाखा असलेल्या पॅट ओब्रायन्समध्ये पियानोची जुगलबंदी अजून ऐकता येते, म्हणून जेलीरोल्सची हौस येथे भागवावी. जवळच रायझिंग स्टारमध्ये कराओके चालते. वाद्यवृंद जोरात असतो आणि आपण कसेही गायलो तरी लोक टाळ्या वाजवतात. सिटीवॉकची गर्दी डिस्नेपेक्षा तरुण आणि गोंगाटाची आहे. ज्यांना शांत बसून बोलायचे आहे त्यांनी सफायर फॉल्स हॉटेलमधील स्ट्राँग वॉटर टॅव्हर्नमध्ये रम चाखावी. या हॉटेलसह पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक येथून सिटीवॉकला पाण्यातून टॅक्सी-बोट जाते, ती रात्री उशिरापर्यंत फुकट चालते, आणि चालतही पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते. मे २०२५ मध्ये उघडलेले एपिक युनिव्हर्स उद्यान मात्र येथून काही मैल दूर आहे, त्याच्या शेजारच्या हॉटेलात उतरून सिटीवॉकची रात्र साधणे गैरसोयीचे.

आजी-आजोबा बरोबर नसतील तर मुलांची सोय आधी करावी लागते. डिस्नेच्या हॉटेलांत पूर्वी संध्याकाळी मुलांना सांभाळणारी केंद्रे होती, ती २०१८ मध्ये बंद झाली. आता बाहेरच्या संस्थांकडून खोलीवर सांभाळणारी बाई बोलवावी लागते, तिचा दर तासावर आणि किमान तासांच्या अटीवर असतो, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत काही आठवडे आधी नोंदणी न केल्यास कोणी मिळत नाही. बरोबर दुसरे जोडपे असेल तर एक रात्र त्यांनी, एक रात्र आपण, अशी आळीपाळी सर्वांत स्वस्त. आजी-आजोबांना रोज रात्री गृहीत धरू नये. एखादी संध्याकाळ त्यांनाही बाहेर न्यावे, म्हणून रॅगलन रोड.

खाण्याबाबत एवढेच, की बार उघडा असला तरी त्याचे स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी आधी बंद होते, आणि शाकाहारी पदार्थ मोजके असतात. जेवण उरकून मगच जावे.

हॉटेल निवडताना आम्ही पुन्हा गेलो तर असे करू: ट्रेडर सॅम्स आणि मोनोरेलचा फेरा हवा असेल तर पॉलिनेशियनच्या आसपास, एपकॉट आणि बोर्डवॉक हवे असेल तर तळ्याकाठच्या हॉटेलांपैकी एक, आणि नाचगाण्याचीच आवड असेल तर डिस्नेचा हट्ट सोडून सिटीवॉकच्या बोटीच्या धक्क्याजवळ खोली. पहिल्या दोन ठिकाणांचे दर चढे आहेत. एवढा खर्च नको असेल तर डिस्ने स्प्रिंग्जपर्यंत चालत जाता येईल अशी डिस्नेच्याच सॅराटोगा स्प्रिंग्ज हॉटेलमधील खोली पाहावी, किंवा आवाराबाहेरच्या डिस्ने स्प्रिंग्ज समोरील हॉटेलांची चौकशी करावी. तेथून रॅगलन रोडमधला शेवटचा नाच पाहूनही बसची वाट न पाहता खोलीवर पोहोचता येते.