लंडनच्या चौकांतल्या बायका

लंडनला गेल्यावर बिग बेनचे फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढले, पण मला खरा बघायचा होता तो समोरच्या पार्लमेंट स्क्वेअरमधला मिलिसेंट फॉसेटचा पुतळा. या चौकात चर्चिल, मंडेला, आपले गांधीजी धरून ११ पुरुष आधीपासूनच उभे होते आणि पहिली बाई आली ती थेट २०१८ ला! बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून जिने आयुष्य घालवलं तिलाच संसदेसमोर जागा मिळायला एवढा उशीर, चीडच येते.

पुतळा जिलियन वेअरिंगने केलाय. फॉसेटबाईंना देवीबिवी केलेलं नाही हे मला फार आवडलं. पन्नाशीची बाई, साधा जाड कापडाचा कोट, त्याची वीणसुद्धा ब्राँझमध्ये दिसते, आणि दोन्ही हातांत फलक, ‘धाडस सगळीकडच्या धाडसाला साद घालतं’ अशा अर्थाचा. पण खरी गंमत खाली आहे. चौथऱ्याभोवती या लढ्यातल्या आणखी ५९ जणांची नावं आणि चेहरे कोरलेत, त्यात थोडे पुरुषही आहेत, आणि वाकून एकेक वाचत गेलं की सोफिया दुलीपसिंग सापडते, महाराजा रणजितसिंहांची नात! मी तिथेच बसून नावं वाचत राहिले, मागे लोकांची ये-जा चालू होती.

तिथून चालतच जवळच्या व्हाइटहॉल या रस्त्यावर गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या बायकांचं स्मारक, २००५ चं, एक मोठा काळा ठोकळा आणि त्यावर खुंट्यांना अडकवलेले १७ पोशाख, गणवेश, कामाचे कपडे, टोप्या. युद्ध संपलं, कपडे काढून ठेवले आणि बायका घरी गेल्या, ही कल्पना सुंदरच आहे, अंगावर काटा आला. तरी मनात आलं की आजूबाजूच्या सेनापतींना चेहरा, नाव, हुद्दा सगळं मिळालं आणि इथे एकही चेहरा नाही, एकही नाव नाही. मला तरी नावं हवीत.

टेम्स नदीवरचा वेस्टमिन्स्टर पूल ओलांडून सेंट थॉमस हॉस्पिटलच्या बागेत मेरी सीकोल आहे, एकोणिसाव्या शतकातल्या क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणारी जमैकाची बाई. २०१६ चा पुतळा, मार्टिन जेनिंग्जचा, वाऱ्याला तोंड देत तरातरा चाललेली आणि मागे भलीमोठी ब्राँझची चकती, तिच्यावर क्रिमियातल्या जमिनीचाच साचा घेतलाय. बरेच पर्यटक पुलावरूनच परत फिरतात, तुम्ही मात्र पुढे जाच, पाच मिनिटांचंही अंतर नाही.